कैरीवालीचा चाकू

जानेफळात वामनरावांजवळ सत्तेचाळीस चाकू होते आणि त्यांतला एकही साधा नव्हता. साधा चाकू त्या घरात टिकतच नसे. उंबरठा ओलांडून आत आला, की आठ दिवसांत त्याला खानदान फुटायचं.

पितळी मुठीचा तो दोन पात्यांचा. त्या चाकूनं एका गोऱ्या साहेबानं अजिंठ्याच्या घाटात वाघाच्या मिशा भादरल्या होत्या. वाघ चांगला जागा होता, पण पातं इतकं मऊ चाललं की त्याला वाटलं वाघीणच चाटून राहिली. शिंगाच्या मुठीचा तो दुसरा. मिटून खिशात असतानाच मालकाला शिंक आली, तर सदऱ्याच्या चारही गुंड्या तुटून मातीत. आणि हस्तिदंती मुठीचा जो होता, त्यानं निजामाच्या एका जमादारानं आपल्या दुश्मनाची सावलीच कापून नेली होती. तो बिचारा पुढं मेहकरच्या बाजारात भर दुपारी बिनसावलीचा हिंडे. "माह्या बापानं डोळ्यानं पाह्यला त्याले," असं वामनराव सांगत. आणि बाप जाऊन तीस वर्षं झालेली असल्यामुळे खातरी करून घ्यायला कोणी जात नसे.

या गोष्टींनी कोणाचं वाकडं केलं नव्हतं. वाघ तक्रार घेऊन आला नाही, साहेब विलायतेला गेला, सावली कुठं गेली ते सावलीलाच माहीत. जित्या माणसाचं नाव घेऊन खोटं बोलू नये, एवढी एक गोष्ट वामनरावांना पक्की ठाऊक होती. ती ते जन्मात एकदाच विसरले.

चाकू पाठवायचा त्यांचा भाचा, इंद्रभान. बहीण रुक्मिणीबाई विधवा होऊन माहेरी आली तेव्हा तो तिच्या कडेवर होता. वामनरावांना मूलबाळ नाही. तो याच घरात वाढला, चार बुकं शिकला आणि खामगावला कापसाच्या जिनिंगात काट्यावर वजन करायला लागला. सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात फिरायचा. गंजकी कुलपं, फुटके कंदील, दांड्या नसलेले चष्मे, असल्या ढिगाऱ्यात हात घालून तो मामासाठी जुना घडीचा चाकू काढायचा. मग तो कापसात गुंडाळून, वरून मांजरपाट शिवून, लाखेची मोहर मारून पार्सलानं रवाना. रजिस्टर करत नसे. "तेवढ्या पैशात मामाले आनखी एक चाकू येते," म्हणायचा.

इंद्रभानला खोटं बोलता येत नसे. मामाच्या घरात वाढून कसं काय येत नव्हतं, देव जाणे. प्रत्येक पार्सलात तारीख टाकून एक चिठ्ठी असायची आणि त्या चिठ्ठीत नुसतं खरं. अमुक न्हाव्याकडून घेतला, तमुक शिंप्यानं मोडीत काढला. वामनराव चिठ्ठी वाचायचे, हसायचे आणि चुलीत टाकायचे. ओसरीवर वाघाची हजामत चालू असताना घरात शिंप्याची चिठ्ठी सापडणं बरं नव्हे.

पार्सल घ्यायची त्यांची तऱ्हा साऱ्या गावाला माहीत. डाक शाळेत यायची आणि शाळामास्तरच डाकमास्तर. मास्तरांनी पार्सल हातात धरलं की वामनराव दोन पावलं मागं सरत.

"खाली ठेवा, मास्तर."

"अहो, कापडात शिवलेलं आहे. मला काय चावतं की तुम्हाला?"

"कापडात असो का पेटीत. धारेचं हातोहात घेऊ नाही. नातं कापल्या जाते. तुम्ही भुईवर ठेवा, मी भुईवरून उचलतो. भुईचं काही तुटत नाही."

मास्तर पार्सल पायरीवर ठेवत. वामनराव ते लेकरासारखं उचलत. घरी येऊन शिवण उसवत, चाकू स्वतः ठेवत आणि मांजरपाटाचं फडकं बायकोला, गोजरबाईंना देत. गोजरबाई ते सोड्यात उकळून, लाख खरवडून, गोधडीला लावत. फुकटचं कापड, अन् तेही घट्ट विणीचं.

त्या वर्षी जेठाच्या सुरुवातीला एक चाकू आला. लाकडी मूठ, एकच पातं, पात्यावर बोटभर तपकिरी डाग. चिठ्ठी अशी होती: 'मामा, हा बाजारात एका कैरीवालीकडून घेतला. ती याने कैऱ्या कापून दाखवीत होती. डाग चिकाचा आहे, निघत नाही. साधाच आहे, पण मूठ हातात चांगली बसते. आईस नमस्कार.'

चिठ्ठी चुलीत गेली. चाकू पेटीत गेला आणि महिनाभर तिथंच पडून राहिला, कारण कैरीवालीची गोष्ट कशी करायची हे वामनरावांनासुद्धा सुचेना.

मग आषाढात, आखाडीच्या सणाआधी चार दिवस, खामगावच्या रस्त्यावर भगवानराव नावाचा कापसाचा दलाल मेलेला सापडला. गळ्यावर वार. चाकू सापडला नाही. जिल्हाभर दुसरं बोलणं नाही.

आखाडीला घरात बोकड कापला. वामनराव अंगणात उभे होते. पेटीतला तो डागाचा चाकू त्यांना आठवला, आणि हसू आलं. ते आत गेले, चाकू आणला, आणि पातं जिथं मुठीत शिरतं त्या फटीत बोटानं बोकडाचं रक्त भरलं. वाळू दिलं. पोरानं गोळ्यांच्या डब्याकडं पाहावं तसं दिवसभर त्या चाकूकडं पाहत राहिले.

संध्याकाळी ओसरीवर बैठक भरली. दहा-अकरा माणसं, सगळ्यांत पुढं शेषराव. शेषराव म्हणजे लहानपणचा दोस्त. गोष्ट ऐकायला सगळ्यांच्या आधी यायचा आणि ऐकून झाली की सगळ्यांच्या आधी खोटं म्हणायचा.

वामनरावांनी चाकू उघडून भुईवर ठेवला. "हा कालच्या डाकेनं आला."

महिन्याभरापूर्वी आला होता. पण शिळ्या भाकरीला हात कोण लावतो?

"खामगावचा दलाल मारला, ऐकलं ना? चाकू भेटला का पोलिसाले?"

"नाही भेटला म्हनतात."

"कसा भेटन? तो अथी आहे."

शेषराव खदखदून हसला. "काहीही बे वामन! मांगं वाघाची हजामत केली, आता दलाल मारला. पुढच्या खेपेले लाटसाहेबाचं डोकं आनशीन."

"वास घे. त्या फटीत पाह्य. काय आहे ते?"

शेषरावनं चाकू उचलून नाकाशी नेला. हसू जरा उतरलं. "रगत वाटते खरं. मंग तुह्या भाच्याले कसा भेटला? खुन्यानं घरपोच देल्ला?"

"बाजारात एका मानसानं इकला. तोंडाले फडकं बांधेल होतं."

"तोंडाले फडकं बांधून चाकू इकून राह्यला, अन् सारा बाजार पाहून राह्यला? नाही जमलं बे!" शेषरावनं चाकू खाली ठेवला. "तुही धार गेली वामन. म्हातारा झाला तू."

सगळे हसले. त्या हसण्यात वामनरावांना काहीतरी टोचलं. पंचवीस वर्षं लोक त्यांच्या गोष्टीला हसत आले होते. त्यांना हसल्याची ही पहिलीच वेळ. माणूस घर गमावतो, वावर गमावतो, पण ओसरीवरचा मान गमवायला तयार होत नाही.

"इकत नाही घेतला," ते आवाज खाली आणून म्हणाले. "तुमाले सांगनार नव्हतो. इंद्रभान तथीच होता. जाग्यावर. त्यानं आपल्या हातानं उचलला."

"तो कायले गेल्ता तथी?"

आता खोट्याला विरजण म्हणून चिमूटभर खरं लागतं, हे वामनरावांइतकं कोणाला कळणार? चैतात इंद्रभान घरी आला होता तेव्हा बोलला होता. तेच त्यांनी काढलं.

"त्या दलालानं त्याले काट्यावर, चार लोकांत थापड मारली होती. वजन कमी भरून देत नाही म्हनून."

कोणी हसलं नाही. शेषरावसुद्धा नाही. ओसरीवर अशी शांतता पसरली, की गोठ्यातलं रवंथ ऐकू यावं. अशी शांतता वामनरावांच्या एकाही गोष्टीनं आजवर कमावली नव्हती. त्यांना वाटलं, जिंकलो.

दाराआडून रुक्मिणीबाई म्हणाल्या, "भाऊ, माह्या लेकाचं नाव काऊन घेता?"

"अवं, गोष्ट आहे रुखमे. गोष्टीत कोनाचं तरी नाव लागतेच."

गोष्ट ओसरीवरून उठली आणि चालू लागली. मेहकरच्या बाजारात गेली, तिथून बैलगाडीत बसली, खामगावात उतरली. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना 'वामनराव सांगते' हे दोनच शब्द वाटेत कुठं तरी गळून पडले. बाकी सगळी जशीच्या तशी पोचली. अकराव्या दिवशी फौजदार ओसरीवर उभा होता, आणि तिकडं जिनिंगातून इंद्रभानला नेऊन दोन दिवस झाले होते.

वामनराव आधी हसले. मग फौजदार हसत नाही हे पाहून घाईघाईनं बोलू लागले. चाकू महिन्यापूर्वीचा. कैरीवालीचा. रक्त बोकडाचं, मीच भरलं.

फौजदार माणूस वाईट नव्हता. त्यानं लिहायला घेतलं आणि मध्येच थांबला. "बोकडाचं रक्त तुम्ही चाकूला कशासाठी लावलं?"

"गोष्टीसाठी."

"कोणत्या गोष्टीसाठी?"

"ओसरीवरच्या."

फौजदारानं लिहिलेली ओळ खोडली. "वामनराव, हे मी लिहून पाठवलं तर साहेब मलाच वेड्याच्या इस्पितळात टाकेल. भाच्यासाठी जीव तुटतो, कळतं मला. पण जरा बरं तरी सुचवा."

आता पाहा, ज्याच्या थापा सारा मुलूख गिळत होता, त्याचं खरं एका माणसाच्या घशाखाली उतरेना.

तपासणीसाठी चाकू दूर पाठवला होता. उत्तर आलं: रक्त आहे, माणसाचं की जनावराचं ते सांगता येत नाही. कैरीवालीला शोधायला वामनराव स्वतः खामगावला गेले. आठ दिवस बाजारात बसले. कैऱ्यांचा हंगाम सरला होता. ती ज्या जागी बसायची तिथं आता एक म्हातारा मक्याची कणसं भाजत होता. "येतात बाया, जातात बाया," तो म्हणाला. "कोन्या गावच्या, कोन इचारते?"

खटला उभा राहिला. ओसरीवरचे अकराच्या अकरा साक्षीला गेले. त्यांतला एकही खोटं बोलला नाही, हेच तर दुःख. वामनराव काय बोलले ते त्यांनी सांगितलं. शेषराव पिंजऱ्यात उभा राहून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता, पण शपथ घातली होती. जन्मात पहिल्यांदा त्यानं वामनरावांच्या गोष्टीतला एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. थापड मारल्याचं जिनिंगातल्या चौघांनी सांगितलं. तेही खरं.

मग वामनरावांना बोलावलं. त्यांनी सगळं नीट, क्रमानं सांगितलं. सरकारी वकील ऐकून घेत होता. मग त्यानं एकच विचारलं.

"वामनराव, तुमच्याजवळ वाघाच्या मिशा कापलेला एक चाकू आहे?"

"आहे."

"वाघ तेव्हा जागा होता?"

कोर्ट हसलं. शिपाईसुद्धा हसला. वामनरावांनी खाली पाहिलं. त्यांचीच ओसरी, तेच हसणं, आणि ते ज्यावर जगत आले तेच त्यांच्या मानेवर बसलं.

न्यायला आले तेव्हा इंद्रभान दाराशी क्षणभर थांबला. रागावलेला दिसत नव्हता. तो लहानपणी भोवरा हरवला की जसा विचारायचा तसाच त्यानं विचारलं.

"मामा, माही चिठ्ठी होती ना त्या पार्सलात? तारीख टाकेल होती मी. ते दाखवा ना यांना."

"हो," वामनराव म्हणाले. "घरीच आहे. शोधतो."

चूल त्यांना डोळ्यांपुढं दिसत होती. राखसुद्धा दिसत होती. तरी 'शोधतो' म्हणाले. पोराच्या तोंडावर जरा उजेड आला, आणि तेवढ्या उजेडात त्याला घेऊन गेले.

जन्मठेप झाली. वरच्या कोर्टात जायचं तर वकील म्हणाला, खुनाच्या आधी हा चाकू गावात आला होता, एवढं दाखवणारं काही तरी आणा. तारखेचं. कागद, शिक्का, काहीही.

शिक्का म्हटल्याबरोबर वामनरावांना फडकं आठवलं. प्रत्येक पार्सलावर डाकेचा गोल शिक्का असतोच, कापडावरच ठोकलेला. ते बैलगाडीतून उतरले ते तसेच आत धावले.

"ते जेठातलं फडकं कुठं आहे?"

"कोनतं वो?" गोजरबाईंनी विचारलं.

"पार्सलाचं! कैरीवाल्या चाकूचं!"

 गोजरबाईंनी कोपऱ्यातल्या गोधडीकडं पाहिलं. फागुनात इंद्रभानचं लगीन करायचं घाटत होतं. नव्या जोडप्यासाठी ती गोधडी त्यांनी, पोर सुटून येईल या आशेनं, पावसाळाभर बसून शिवली होती. चाळीसवर पार्सलांची फडकी तिच्यात होती.

वामनरावांनी पेटी उघडली. सावली कापणारा हस्तिदंती चाकू काढला आणि भर दुपारी अंगणात बसून गोधडी उसवायला घेतली. त्या सगळ्या चाकूंच्या नशिबात पहिल्यांदा काही काम आलं. टाका बारीक, गोजरबाईंचा हात पक्का. एकेक टाका तुटताना किर्र वाजायचा. रुक्मिणीबाई समोर बसून एकेक फडकं गुडघ्यावर पसरत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण काळं काही दिसलं की त्या बोट ठेवून भावाकडं पाहत. बहुतेक फडक्यांवर काही नव्हतं. सोड्यानं सगळं खाल्लं होतं. उन्हं कलायला आली तेव्हा एक फडकं निघालं. त्याच्या कोपऱ्यात लाखेचा लाल ओघळ होता, आणि जेठात तो खरवडता खरवडता नखं दुखल्याचं गोजरबाईंना आठवत होतं. तेच. त्यावर अर्धा गोल होता.

वामनराव धावत शाळेत गेले. मास्तरांनी चष्मा लावला, फडकं खिडकीशी धरलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"जानेफळ वाचता येतं," ते म्हणाले. "खाली तारीख असते. तिथं काही नाही हो."

"मास्तर, तुम्हीच तर पार्सल देल्लं मले! जेठात! तुम्ही सांगा ना!"

"सांगतो. जेठात एक आलं असं लिहून देतो. पण आषाढातही आलं होतं ना एक? दर महिन्याला येतं तुमचं. कोणत्या पार्सलात कोणता चाकू, ते मी कसं सांगू?" मास्तरांचा आवाज पडला. "तुम्ही तर माझ्या हातातूनसुद्धा घेत नव्हता."

मास्तरांनी लिहून दिलं. शेषरावनं अंगठा उठवून दिला, की वामन जन्माचा खोटारडा आहे. वरच्या कोर्टानं दोन्ही कागद पाहिले आणि परत पाठवले.

वामनराव घरी आले तेव्हा रुक्मिणीबाई अंगणात बसून फडक्यांचा ढीग पुन्हा जोडत होत्या. कोणासाठी, हे कोणी विचारलं नाही.

पौषात तुरुंगाचं कार्ड आलं. छातीत कफ होऊन ताप चढला, चौथ्या दिवशी कैदी वारला. पुढल्या आठवड्यात पार्सल.

मास्तरांनी ते, कोणी न सांगता, पायरीवर ठेवलं. मांजरपाटात शिवलेलं, लाखेच्या मोहरा, आणि शिक्का यावेळी असा स्वच्छ उठलेला की आंधळ्यानं बोटानं वाचावा. गाव, दिवस, महिना, साल, सगळं. वामनराव त्या तारखेकडं किती तरी वेळ पाहत उभे राहिले.

रुक्मिणीबाईंनीच शिवण उसवली. धोतर, सदरा, टोपी. टोपीत एक चाकू. पकडताना खिशातून काढून घेतलेलं सामान होतं ते. छोटासा, काळ्या शिंगाच्या मुठीचा, करंगळीएवढा. भोवती चिठ्ठी गुंडाळून दोरा बांधलेला. पाठवायचाच राहिला होता.

"काय लिह्यलं त्यानं?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

वामनरावांनी चिठ्ठी उलगडली. इथं खोटं बोलता आलं असतं. आईला नमस्कार लिहिला, मामाचा राग नाही लिहिलं, काहीही. जीभ हललीच नाही. जे होतं तेच त्यांनी वाचलं.

"मामा, हा अगदीच साधा आहे. याची गोष्ट तुम्हीच करा."

रुक्मिणीबाईंनी चाकू उचलला. उघडला. वामनरावांना वाटलं, आता भुईवर ठेवतील. त्यांनी भावाचा उजवा हात धरला, तळवा उलटा केला, आणि उघडा चाकू त्या तळव्यावर ठेवला. मग स्वतःच्या हातानं त्याची बोटं एकेक करून मिटली.

"करा," त्या म्हणाल्या. "गोष्ट करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वडनेर भोलजीला, मेलेल्या नवऱ्याच्या भावाकडं निघून गेल्या. गोधडी सोबत नेली. तळव्यावरची जखम वामनरावांनी बांधली नाही. भरायची तेव्हा भरली.

ओसरी बंद झाली. शेषराव कधी तरी येऊन पायरीवर बसे, तंबाखू मळे आणि उठून जाई. पुढच्या आश्विनात गोजरबाई म्हणाल्या, "ते लोखंड घरातून काहाडा. मले त्या खोलीत झोप लागत नाही." जानेफळात तर ते चाकू कोणी चिमट्यानंही उचलले नसते. तेव्हा वामनरावांनी पेटी बैलगाडीत घातली आणि बालाजीच्या जत्रेला देऊळगाव राजाला गेले.

रस्त्याच्या कडेला घोंगडी पसरून चाकू मांडले. लोक थांबत, विचारत.

"बाबा, हा कशाचा?"

"चाकू आहे."

"ते दिसतंय. पण कुठला, कोणाचा?"

"चाकू आहे," वामनराव पुन्हा सांगत. लोक पुढं जात. वाघाचा, सावलीचा, गुंड्यांचा, सगळे घोंगडीवर पडून होते. काळा, करंगळीएवढा, तेवढा एकच मांडला नव्हता. तो बंडीच्या आतल्या खिशात होता.

शेजारी एक काकडीवाला बसला होता. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं तसा तो सरकून आला आणि पितळी मुठीचा चाकू उचलून पाहू लागला. तोंडाचा बोलका.

"चाकू बरे हायेत बाबा. पण खरा चाकू बघायचा तर तो कोर्टाच्या मालखान्यात पडलाय. तुम्ही ऐकलं नसंल. खामगावाकडं एक पोरगं होतं. मोठं दांडगं, डोळे लाल. त्यानं भर रस्त्यात दलालाचा गळा चिरला, अन् तोच चाकू पार्सल करून मामाला धाडला! अन् वर चिठ्ठी, की मामा, जपून ठिवा."

"चल, कायबी!" पलीकडचा बांगड्यावाला म्हणाला. "असं कोण धाडतं?"

"अरे खरंच! रगत तसंच ओलं होतं म्हणे, डाकमास्तराचे हात माखले. मामा ओसरीवर बसून ढसाढसा रडला, पण लपवलं नाही. सख्खा भाचा, तरी चार लोकांत खरं बोलला. आजकाल कोण बोलतं खरं? खोटं वाटत असंल तर जानेफळच्या वामनरावाला विचार. देवमाणूस हाये."

बांगड्यावाल्याला पटलं. त्यानं मान हलवली आणि थोडा वेळ गप्प बसला. वामनरावांनी ती शांतता ओळखली.

गोष्ट चांगली झाली होती. त्यांच्यापेक्षा चांगली. त्यांनी तोंड उघडलं. डोळे लाल नव्हते, त्यांना सांगायचं होतं. दांडगं नव्हतं, काट्यावर उभं राहून पाय दुखतात म्हणायचं. डाग कैरीच्या चिकाचा होता. ओठ हलले, आणि समोरच्या दोघांकडं पाहून त्यांना कळलं, की हे जर आपण सांगितलं तर दोघंही हसतील.

"तुम्ही कुठले बाबा?" काकडीवाल्यानं विचारलं.

"मी?" वामनराव म्हणाले. "वडनेर भोलजीचा."

"मग जानेफळाकडं जाणं-येणं नसंल तुमचं."

"नाही. कधी गेलो नाही."

"हा पितळीवाला द्या मला. काकड्या कापायला बरा पडंल."

वामनरावांनी चाकू उघडून, पुसून, त्याच्यापुढं हात लांब केला. काकडीवाला झटकन मागं सरला.

"हातात काय देता बाबा? धारेचं हाये. ठिवा खाली."

वामनरावांनी वाकून चाकू भुईवर ठेवला, आणि काकडीवाल्यानं तो उचलला.